कुर्ल्याच्या मोटारीमागचे हात



कशेडी घाट उतरून, आंबेनळीची वळणे घेत किंवा मुंबईहून महामार्गाने सावित्रीकाठी पोहोचलेल्या प्रत्येकाचे या परिषदेची स्वागत समिती मनापासून स्वागत करते. महाड-पोलादपूरच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांना माणसे पुरवली. म्हणून मोटारींच्या घाऊक उत्पादनाची चर्चा येथे व्हावी, असा समितीचा आग्रह होता.

घाऊक उत्पादनाचा इतिहास बहुधा हेन्री फोर्डपासून सांगतात. 1913 साली हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती जोडणी सुरू झाली आणि मॉडेल टीची चासी बांधायला लागणारे साडेबारा तास सुमारे दीड तासावर आले. सुटे भाग इतके एकसारखे, की कोणताही भाग कानस न लावता कोणत्याही गाडीला बसे. 1908 मध्ये 850 डॉलरची गाडी 1925 पर्यंत 260 डॉलरवर उतरली. पण दिवसभर तोच बोल्ट आवळायला माणूस टिकेना. अखेर जानेवारी 1914 मध्ये फोर्डला आठ तासांच्या पाळीला पाच डॉलर जाहीर करावे लागले.

मुंबईत घाऊक उत्पादनाचे हे तंत्र अर्धेच आले. 1928 साली जनरल मोटर्सने शिवडीला कारखाना काढला. खोक्यांतून भाग येत आणि येथे जोडले जात. ते घडवण्याची विद्या परदेशातच राही. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांना मोटार देशातच घडवायची होती. युद्धकाळात ब्रिटिश सरकारने साथ दिली नाही, तरी 1944 मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. 1947 पासून कुर्ल्यातून गाड्या निघू लागल्या, पण त्याही सुरुवातीला जोडणीच्याच. पुढे सरकारने देशी उत्पादनाची अट घातली, 1954 मध्ये जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला आणि कुर्ल्यात फियाट 1100 चे भाग हळूहळू घडू लागले. तीच गाडी नंतर पद्मिनी झाली, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी.

हायलंड पार्कचा वेग कुर्ल्याला कधीच आला नाही. सरकारी परवान्यांनी गाड्यांची संख्या बांधलेली, ग्राहक मोजके. तरीही टर्नर, फिटर आणि साचे करणारे कारागीर तयार झाले, हे समितीच्या मते गाड्यांच्या संख्येहून मोठे काम.

वालचंदांची चरित्रे आहेत. त्या कामगारांची नावे मात्र शोधावी लागतात. ज्यांच्या घरी मोटार कारखान्याचे ओळखपत्र, पगारपत्रक किंवा खात्यातला जुना फोटो असेल, त्यांनी त्याची प्रत परिषद संपण्यापूर्वी नोंदणी कक्षात द्यावी, अशी समितीची विनंती आहे.