सत्याची मालकी कोणाची?

(सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



सकाळच्या सत्रात एका तरुण मित्राने प्रश्न केला की, ख्रिस्त हेच अंतिम सत्य असे मानणारा माणूस आपल्या चळवळीत मनापासून नांदेल काय? ज्याला निरपेक्ष सत्य गवसले आहे, तो इतरांशी चर्चा कशासाठी करील? त्यावर दुसऱ्या एका मित्राने चटकन उत्तर दिले की, ज्याचे सत्य त्याच्यापाशी, सगळ्यांचेच खरे. टाळ्याही पडल्या. मला मात्र ते उत्तर मान्य नाही, आणि का मान्य नाही हे सांगण्यासाठीच मी उभा आहे.

सगळ्यांचेच खरे असेल, तर आपण लढतो कशासाठी? ह्याच सोलापुरात तारेच्या कुंपणाआड एक वसाहत होती. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार असतात, हे १८७१ च्या कायद्याने ठरविलेले ‘सत्य’ होते. तेथील माणसांना हजेरी द्यावी लागे. हा कायदा देशभरातून रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. कुंपणाबाहेरच्याचे एक सत्य आणि कुंपणाआतल्याचे दुसरे, असे म्हणून आपण स्वस्थ बसू शकतो काय? जन्माने कोणी गुन्हेगार नसतो, जन्माने कोणी अस्पृश्य नसतो, हे आपण सोयीपुरते मानीत नाही. ते सर्व काळी, सर्वांसाठी खरे आहे अशीच आपली धारणा आहे. म्हणजे निरपेक्ष सत्याचा उच्चार आपणही करतो. मग ख्रिस्ती माणसाने तो केला, तर बिचकण्याचे कारण काय?

कारण दुसरीकडे आहे. सोलापूरहून पुण्याकडे जाताना दौंड मागे पडले की केडगावचे स्टेशन लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन तेथेच आहे. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्या तेथील अँग्लिकन भगिनींच्या आश्रयाला होत्या. पंचविशीची विधवा, पदरी लहान मुलगी, देश परका. अशा स्थितीत माणूस मान तुकवितो. रमाबाईंनी ती तुकविली नाही. १८८५ च्या सुमारास त्यांचा सिस्टर जेराल्डीन ह्यांच्याशी जो पत्रव्यवहार झाला, तो प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटत नव्हता, तसे त्यांनी स्पष्ट कळविले. क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्येच का असावीत, असे विचारले. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्या हरकतीलाही त्यांनी आव्हान दिले. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरविले, ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. रमाबाई ‘सगळ्यांचेच खरे’ असे म्हणत नव्हत्या. पुढील आयुष्यात त्यांची ख्रिस्तनिष्ठा उत्तरोत्तर दृढच होत गेली. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर सिद्ध केले. सत्य एक आहे, ह्यावर त्यांचा विश्वास होता. त्या सत्याचा सातबारा कोणत्याही धर्मपीठाच्या नावावर आहे, हे मात्र त्यांनी मानले नाही. आपण समाजवादी जमिनीच्या आणि कारखान्याच्या खाजगी मालकीविषयी नेहमी बोलतो. सत्याच्या खाजगी मालकीविषयी तितके बोलत नाही. खरा धोका त्या मालकीत आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची वाटही ह्याच दिशेने गेली. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. पण १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तेथे जागा ठेवली. ख्रिस्तावरील त्यांची श्रद्धा तसूभरही ढळली नव्हती. कुंपण तेवढे त्यांनी काढले.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. १८९३ साली शारदासदनावर वादळ उठले. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, म्हणून रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पालकांनी मुली नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, प्रार्थनेची सक्ती मी कोणावर करीत नाही, पण प्रार्थना करताना दारही लावणार नाही. त्यांचे धैर्य मला वंदनीय वाटते. तरीही पालकांचा प्रश्न उरतोच. जिच्या डोक्यावरचे छप्पर आणि ताटातली भाकरी दुसऱ्याच्या हाती आहे, त्या मुलीची संमती कितपत मोकळी? हा प्रश्न ‘विधर्मी’ म्हणून ओरडणाऱ्यांच्या हाती सोपवू नका. तो आपलाही आहे. युनियनच्या शिफारशीने काम मिळालेला कामगार आपल्या सभेला येतो, तेव्हा तो विचाराने येतो की पोटासाठी, हे आपण कधी विचारले आहे?

सत्याची मिरास सांगणारे धर्मक्षेत्रातच असतात असेही नाही. गॅलिलिओला १६३३ साली शिक्षा देणाऱ्या चर्चने १९६५ साली, द्वितीय व्हॅटिकन परिषदेत, धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये असे जाहीर केले. उशीर झाला, पण जाहीर केले. आणि आपण डावे? स्तालिनच्या राजवटीतील अत्याचारांविषयी १९५६ साली खुद्द ख्रुश्चॉव्ह बोलले, तोवर आपल्यातील किती जणांनी ते अत्याचार खोटे ठरविले होते! आपल्या समाजवादी पक्षातही १९५५ साली फूट पडली, तेव्हा दोन्ही बाजूंना आपलीच वाट सत्याची वाटत होती.

शब्दांनी सत्य सिद्ध होत नाही. त्याची कसोटी व्यवहारात लागते. देवापुढे सर्व समान, असे सांगणाऱ्या काही चर्चमध्ये दलितांसाठी वेगळी बाके आणि वेगळी दफनभूमी राहिली. समतेची शपथ घेणाऱ्या आपल्या राज्यसंस्थेने १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध दलितांना त्यात स्थान मिळाले; ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांना मिळाले नाही. धर्म बदलला तरी वस्ती बदलत नाही, हे वस्तीत राहणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही.

तेव्हा त्या तरुण मित्राला माझे उत्तर असे. ख्रिस्ती साथी आपल्यात आला, तर त्याची श्रद्धा उंबऱ्याबाहेर काढून ठेवायला त्याला सांगू नका. त्याला इतकेच विचारा: तुझे सत्य तू स्वतःच्या आचरणासाठी वापरतोस, की दुसऱ्याच्या डोक्यावर हाणण्यासाठी? तुला नकार देणाऱ्याची भाकरी तुझ्यापाशी सुरक्षित आहे काय? आणि हे विचारण्यापूर्वी तोच प्रश्न स्वतःला व आपल्या पक्षाला विचारा. उत्तर देताना आपली जीभ अडखळली, तर त्याच्या श्रद्धेचा निवाडा करण्याची घाई करू नका.