वस्तरा शिकायचाय? आधी सलूनच्या खुर्चीत बसा

आज मागे जो आवाज येतोय तो पावसाचा आहे, पत्र्यावरचा. खेडमध्ये जुलैत रेकॉर्डिंग करायचं तर पावसाला पाहुणा कलाकार म्हणून घ्यावंच लागतं.

आजचा विषय वस्तरा. गेल्या काही दिवसांत बऱ्याच जणांनी विचारलं, "रील्समध्ये बघितलं, भारी वाटतं, पण सुरुवात कुठून करायची? ऑनलाइन कोणता मागवू?" माझं उत्तर असं की सुरुवात खरेदीपासून करूच नका. आधी तुमच्या नेहमीच्या सलूनमध्ये जा, दाढी करायला सांगा, आणि या वेळी मोबाइल खिशात ठेवा. असं का, ते पुढे येईलच.

मी स्वतः या नादाला कसा लागलो ते आधी थोडक्यात सांगतो. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला, सलून बंद झाली. मी बीटेक संपवून नुकताच कामाला लागलो होतो, लॅपटॉप घेऊन घरी आलो. महाराष्ट्रात २८ जूनपासून सलून उघडायला परवानगी मिळाली, पण केस कापण्यासारख्या मोजक्याच कामांना. त्वचेशी संबंधित सेवा बंदच, म्हणजे दाढीही बंद. आमच्या नाक्यावरचे सलूनवाले काका दुकान उघडून बसायचे आणि दाढीची गिऱ्हाईकं परत पाठवायचे. निम्मा धंदा गेला होता त्यांचा. या कामाकडे मी नीट बघायला लागलो ते तेव्हापासून. पुढे सगळं सुरळीत झाल्यावर त्यांना विचारलं, "काका, शिकवाल का?" ते हसले. म्हणाले, "माझा पोरगा लोट्याला कंपनीत लागला, त्याने वस्तरा धरला नाही. आणि तू इंजिनिअर होऊन धरणार?" हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचंय.

आता मुद्द्याचं. वस्तरे दोन प्रकारचे. एक जुना, अखंड पात्याचा. पातं पोलादाचं, ते दगडावर घासून धार लावायची आणि प्रत्येक दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचं. जर्मनीतलं झोलिंगेन आणि इंग्लंडमधलं शेफील्ड ही गावं अशा पात्यांसाठी प्रसिद्ध. दुसरा ब्लेडवाला, जो आज आपल्या सगळ्या सलूनमध्ये दिसतो. साधं दुधारी ब्लेड कागदातच ठेवून मधोमध मोडायचं, अर्धा तुकडा वस्तऱ्यात सरकवायचा, दाढी झाली की टाकून द्यायचा.

सलूनमध्ये अखंड पातं मागे का पडलं? मुख्य कारण आरोग्य. नव्वदच्या दशकात एड्सबद्दल जनजागृती सुरू झाली आणि "नवीन ब्लेड लावा" हे गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य झालं. एचआयव्हीपेक्षाही हेपटायटिस बी चिवट. त्याचा विषाणू शरीराबाहेर, वस्तूवर, सात दिवस तरी जिवंत राहू शकतो. म्हणून घरातसुद्धा वस्तरा एकाचाच. भाऊ असो की रूममेट, शेअर करायचा नाही. तुरटीचा खडाही नाही.

मग नवशिक्याने कोणता घ्यावा? माझं मत, ब्लेडवाला. काहीशे रुपयांत येतो, धार लावायची कटकट नाही. पण एक सांगून ठेवतो. त्याचं ब्लेड फार पातळ आणि तिखट असतं, जरा हात चुकला की माफ करत नाही. अखंड पातं त्या मानाने सौम्य, पण ते सांभाळणं हा वेगळाच अभ्यास. ऑनलाइन मिळणारे बरेच स्वस्त अखंड वस्तरे तर दाढीयोग्य धार न लावताच येतात. नवशिक्याला वाटतं आपलाच हात वाईट, आणि दोष असतो पात्याचा.

आता खुर्चीत बसून काय बघायचं ते सांगतो. तीन गोष्टी. पहिली, काकांचा मोकळा हात. आपण सगळे वस्तऱ्याकडे बघतो, पण खरं काम दुसरा हात करतो. प्रत्येक फटक्याआधी तो कातडी ताणून धरतो. ताणलेल्या कातडीवरून पातं सरकतं, सैल कातडीत ते रुततं. दुसरी गोष्ट, फटक्याची लांबी. छोटे, इंच-दीड इंचाचे फटके, मध्येच पुसणं, पुन्हा छोटे फटके. तिसरी, चेहऱ्यावर ते कुठे वेग कमी करतात. हनुवटी, ओठांच्या कडा आणि गळ्याची घाटी. तिथे तीस-चाळीस वर्षांचा हातही सावकाश चालतो.

आता घरचा सराव. पहिल्या दिवशी ब्लेड लावायचंच नाही. रिकामा वस्तरा फेस लावलेल्या गालावर फिरवा आणि नुसता हात बसू द्या. काकांनी मला फुगा दिला होता. फुगवायचा, फेस लावायचा आणि ब्लेडने फेस काढायचा. फुटला तर जोर जास्त झाला. सलूनमध्ये नवीन पोरांना असंच शिकवतात. आपल्या भाषेत सांगायचं तर हे टेस्टिंग, थेट प्रॉडक्शनवर जायचं नाही.

पकड अशी. मधली तीन बोटं दांड्यावर वरून, अंगठा खालून, करंगळी मागच्या शेपटीवर. मूठ आवळायची नाही, पेन धरतो तेवढाच जोर.

दाढी आंघोळीनंतर करा. कोमट पाण्याने केस मऊ झालेले असतात. ब्रश आणि साबण वापरा आणि फेस लावून दोनेक मिनिटं थांबा. डब्यातला फोम चालतो, पण पटकन सुकतो. नवशिक्याला वेळ लागतो आणि सुकलेल्या फेसावर वस्तरा अडखळतो.

त्याआधी, कोरड्या चेहऱ्यावर बोटं फिरवून केसांची दिशा बघून घ्या. ज्या बाजूने बोट गुळगुळीत सरकतं ती सुलट, खरखर लागते ती उलट. गालावर साधारण वरून खाली असते, पण गळ्यावर प्रत्येकाची वेगळी, काहींची तर भोवऱ्यासारखी. पहिली निदान दहा दाढ्या फक्त सुलट. उलटा हात मारायचा मोह होईल. थोडी खरखर राहिली तर राहू दे.

कोन साधारण ३० अंशांचा. कोनमापक कोण आणणार? पाठ गालाला टेकवा आणि जराशी उचला, तेवढा. फार उचललात तर खरवडतं, फार टेकवलीत तर केस ओढले जातात. जोर नाहीच द्यायचा, वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरतं. आणि एक नियम कधी मोडायचा नाही. वस्तरा धारेच्या दिशेने सरकवायचा, आडवा कधीच नाही. भाजी चिरताना सुरी पुढे-मागे सरकवतो ना, तशी हालचाल गालावर झाली की कापलंच समजा.

पहिल्या आठवड्यात फक्त एक गाल, कल्ल्याखालून जबड्यापर्यंत. बाकी चेहरा नेहमीच्या रेझरने. पुढच्या आठवड्यात दुसरा गाल, मग गळा. हनुवटी आणि मिशीची जागा सगळ्यात शेवटी, महिनाभराने. सोमवारी स्टँडअपच्या आधी दहा मिनिटांत उरकू म्हणाल तर वस्तऱ्याला हात लावू नका. रविवार ठेवा.

कापलंच तर घाबरू नका. गार पाणी, स्वच्छ कापड दाबून धरा, मग तुरटी. चेहऱ्यावर पिकलेल्या पुटकुळ्या असतील, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, किंवा जखमेचे जाड वण उठत असतील तर हा छंद तुमच्यासाठी नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

ब्लेडचे वापरलेले तुकडे कचऱ्यात सुटे टाकू नका. कचरा वेचणाऱ्याचा हात कापतो. झाकणाचा एक जुना डबा ठेवा, भरला की चिकटपट्टीने बंद करा आणि वर "ब्लेड" असं लिहा.

ज्यांना अखंड पात्याकडे जायचंच आहे त्यांच्यासाठी कोकणातला खास मुद्दा, गंज. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. पावसाळ्यात चपलांना बुरशी येते, तिथे पोलादाच्या धारेचं काय? दाढी झाली की पातं पुसून पूर्ण कोरडं करा, तेलाचा पातळ हात द्या आणि बाथरूममध्ये ठेवू नका. चामड्याचा पट्टाही कोरड्या जागी टांगा. पट्ट्यावर फिरवताना पाठ पुढे, धार मागे. परत फिरवताना पातं पाठीवरून उलटायचं, धारेवरून उलटलं तर पट्टाच कापला जाईल.

तंत्र इथे संपलं. आता काकांच्या त्या वाक्याकडे येऊ.

किंग जिलेटने १९०३ मध्ये त्याचे सेफ्टी रेझर बाजारात आणले तेव्हा पहिल्या वर्षी फक्त ५१ खपले. पण पुढे जगभर दाढी ही घरात, स्वतःच्या हाताने करायची गोष्ट झाली. त्याआधी वस्तरा बहुतेक दुसऱ्याच्या हातात असायचा. आणि आपल्याकडे तो हात कोणाचा हे जातीने ठरलेलं होतं. कोणाची दाढी करायची नाही, हेही जातीने ठरलेलं. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, आपल्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं. साताऱ्यात लहानपणी त्यांचे केस त्यांची मोठी बहीण कापायची, कारण एकही न्हावी अस्पृश्याच्या केसांना हात लावायला तयार नव्हता. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलंय.

त्याच वस्तऱ्याची दुसरी गोष्ट विधवांच्या केशवपनाची. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचं मुंडण करणार नाही असा निर्णय तिथे झाला. हातात वस्तरा असलेल्या माणसांनीच तो खाली ठेवला. त्यानंतर तीन वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं. महर्षी कर्व्यांचा जन्म शेरवलीचा, आपल्याच खेड तालुक्यातला.

हे सगळं दाढीच्या एपिसोडमध्ये कशाला, असं वाटेल. सांगतो. मी वस्तरा धरला की लोक म्हणतात, "वा, काय क्लासी छंद!" काकांच्या मुलाला तोच वस्तरा शाळेत चिडवायला वापरला गेला. वस्तू एक, कौशल्य एक. काकांचं तर माझ्या शंभरपट. तरी मला कौतुक आणि त्यांना "जरा पटकन करा हो". त्यांच्या पोराने तो धरला नाही यात पोराची चूक मला दिसत नाही. काम कमी दर्जाचं नव्हतं, आपली नजर तशी होती.

म्हणून म्हणतो, खुर्चीत बसा. यूट्यूब जरूर बघा, पण शिकवायला विनंती करा माणसाला, आणि शिकवल्याचे पैसे द्या. दाढीच्या दरात नाही, शिकवणीच्या दरात. कोडिंगच्या कोर्सला आपण हजारो रुपये भरतो, इथे मात्र फुकट टिप्स मागतो. मी काकांना विचारून रक्कम ठरवली होती. पहिल्यांदा नको म्हणाले, दुसऱ्यांदा घेतले. घरी दाढी येऊ लागल्यावरही महिन्यातून एकदा मी त्यांच्याकडे जातोच. हात कुठे कच्चा आहे ते त्यांना गाल बघून कळतं. मागच्या वेळी म्हणाले, "डाव्या जबड्याला कातडी कमी ताणतोस." अगदी बरोबर होतं.

तर मंडळी, या रविवारी फुगा, फेस आणि रिकामा वस्तरा, एवढंच. ब्लेड पुढच्या आठवड्यात. काही अडलं तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात उत्तरं घेईन. आणि तुमच्या गावातल्या सलूनवाल्या काकांनी शिकवलेली एखादी युक्ती असेल तर तीही पाठवा, मात्र त्यांना विचारून. भेटू, काळजी घ्या!