पाण्याची नोंद आणि आजाराची नोंद



आजार माणसाच्या अंगात दिसतो, परंतु पुष्कळदा त्याचे मूळ अंगाबाहेर असते. ते विहिरीत असते, फुटक्या नळात असते, गटारात असते. शासन या दोन्ही गोष्टींची नोंद ठेवते. एका वहीत आजार लिहिले जातात, दुसऱ्या वहीत पाण्याचे दोष. या दोन वह्या आपल्या वस्तीत एकमेकींना भेटतात काय, एवढाच प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि लाखो लोक घाबरून शहर सोडून गेले. साथीची खबर वेळेवर मिळणे किती आवश्यक आहे, हे त्या वेळी साऱ्या देशाला कळून चुकले. पुढे नोव्हेंबर २००४ मध्ये केंद्र शासनाने एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू केला. त्याची रचना साधी आहे. उपकेंद्रातील आरोग्यसेविका ताप, जुलाब, कावीळ अशी लक्षणे नोंदवते. दवाखान्यातील वैद्यकीय अधिकारी संशयित आजार नोंदवतात. प्रयोगशाळा तपासणीत सिद्ध झालेला आजार कळवते. पूर्वी ही माहिती दर आठवड्याला कागदी तक्त्यांवर वर जात असे. एप्रिल २०२१ पासून त्यासाठी देशभर संगणकीय व्यवस्था आली आहे.

ही झाली आजाराची वही. पाण्याची वही आपल्या ग्रामपंचायतीत असते. महाराष्ट्रात वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, सार्वजनिक पाणीस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते. विहिरीभोवती सांडपाणी साचते का, हातपंपाचा कट्टा फुटला आहे का, जवळ उकिरडा आहे का, हे पाहून ग्रामपंचायतीला कार्ड दिले जाते. तीव्र धोका असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळे आणि धोका कमी असेल तर हिरवे. गावात जलसुरक्षक नेमलेला असतो. पाण्याचे नमुने घेणे आणि ब्लीचिंग पावडर योग्य प्रमाणात टाकणे हे त्याचे काम. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

दोन्ही वह्या एकत्र वाचल्या म्हणजे काय घडते, याचे उदाहरण जवळचेच आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. या आजारात हातापायांतील शक्ती जाते, काहींना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागते. एरवी तो क्वचित आढळतो. रुग्ण एकाच भागातले आहेत हे लक्षात येताच घरोघर पाहणी झाली आणि पाण्याचे नमुने घेतले गेले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडला. दूषित अन्नपाण्यातून पसरणारा हा जंतू या आजाराला निमित्त ठरू शकतो. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, काहींचा मृत्यूही झाला. येथे रुग्णांचे पत्ते शेजारी शेजारी मांडले गेले, म्हणूनच तपास पाण्यापर्यंत पोहोचला. प्रत्येक रुग्ण सुटा राहिला असता तर ते जमले नसते.

तरीही या व्यवस्थेची मर्यादा ओळखली पाहिजे. हिरवे कार्ड परिसराची स्वच्छता सांगते, पाण्यात विरघळलेले क्षार सांगत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. ते खडकातून येते. त्याला रंग नाही, वास नाही. एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. त्याहून जास्त असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात आणि पुढे मोठ्यांचे सांधे व कणा आखडतो. हा आजार आठवड्याच्या तक्त्यात साथ म्हणून कधीच दिसत नाही, कारण तो सावकाश येतो. त्यासाठी २००८-०९ पासून राष्ट्रीय फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम आहे.

येथे एक गैरसमज दूर करू. पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. ब्लीचिंग पावडरचाही त्यावर उपयोग नाही. स्रोत बदलणे किंवा फ्लोराइड काढून टाकणारी यंत्रणा बसवणे हाच उपाय. म्हणून धोका कोणता हे कळल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही.

मग आपण काय करावे? वस्तीतील माणूस जुलाब झाले की मेडिकलमधून गोळी आणतो, मजुरी बुडू नये म्हणून दुसऱ्या दिवशी कामावर जातो. त्याचे दुखणे कोणत्याही वहीत चढत नाही. एका आठवड्यात दहा घरांत हेच झाले तरी सरकारी कागदावर वस्ती निरोगीच राहते, आणि निरोगी वस्तीची पाइपलाइन दुरुस्त करण्याची घाई कोणालाच नसते. नोंद न झालेल्या आजारासाठी निधी मागता येत नाही.

म्हणून आमची विनंती तीन गोष्टींची आहे. शेजारपाजारच्या दोन-तीन घरांत एकच दुखणे दिसले तर त्याच दिवशी आशाताईंना किंवा आरोग्यसेविकेला कळवा. ग्रामसभेत कार्डाचा रंग आणि पाण्याचा रासायनिक तपासणी अहवाल मागा. त्यात फ्लोराइडचा आकडा आहे की नाही ते पाहा. शहरात राहणाऱ्यांनी हाच प्रश्न वॉर्ड कार्यालयात विचारावा. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही वस्तीचा नकाशा काढा. त्यावर नळ, विहिरी, गटारे दाखवा आणि आजारी घरांवर तारखेसह खूण करा. कोणाचे नाव लिहिण्याची गरज नाही. खुणा एका नळाभोवती गोळा होऊ लागल्या, तर तो कागद घेऊन आरोग्य केंद्रात जा. तोंडी तक्रारीपेक्षा तारीख आणि ठिकाण लिहिलेला कागद बाजूला सारणे कठीण असते.

वह्या शासनाच्या आहेत, परंतु त्यांत लिहिला जाणारा आजार आपल्या घरातला आहे. तो लिहून घेण्याची जबाबदारी आपण उचलू या.