खारे वारे आणि मुंबईची हवा

समुद्रकाठच्या शहराची हवा आपोआप स्वच्छ राहते, हा समज मुंबईपुरता अर्धाच खरा आहे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापत असल्याने समुद्राकडून येणारे खारे वारे धूर आणि धूळ पांगवतात. परंतु हिवाळ्यात हे वारे उशिरा आणि मंद गतीने वाहू लागतात, शिवाय जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो, आणि तापमानाची विपरीतता म्हटल्या जाणाऱ्या या स्थितीत वाहनांचा, कारखान्यांचा धूर व बांधकामांची धूळ खालीच कोंडून राहते.

यांतील सर्वाधिक घातक घटक म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान व्यासाचे कण, जे केसाच्या जाडीच्या सुमारे विसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे सूक्ष्म असल्याने फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात, म्हणूनच वर्षानुवर्षांच्या संपर्काने दम्याबरोबर हृदयविकार आणि पक्षाघात यांचाही धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये या कणांची वार्षिक सरासरी मर्यादा प्रतिघनमीटर 5 मायक्रोग्रॅम सुचवली, तर भारताचे 2009 चे मानक 40 आहे, आणि हे अंतर किरकोळ मानता येत नाही.

शहराची एकच सरासरी सांगणेही अन्यायकारक ठरते, कारण तेलशुद्धीकरण कारखान्यांलगतच्या माहुलमध्ये किंवा 2016 मध्ये आगीने धुमसलेल्या देवनार कचराभूमीजवळ राहणाऱ्या मुलांच्या वाट्याला येणारा श्वास त्या आकड्यात दिसतच नाही.