मंथरा झालेल्या ललिताबाई



आगमनाच्या स्मरणार्थ भरलेल्या या सभेत आधीच्या वक्त्यांनी जहाजांविषयी, आप्रवासी घाटाच्या पायऱ्यांविषयी आणि रत्नागिरीकडच्या गावांविषयी सांगितले. आम्ही गावातल्या नाटकमंडळीच्या बायका. आम्हाला इतिहास सांगता येत नाही. समितीने आम्हाला निरोप दिला की तुम्ही एखाद्या मराठी कलावंताविषयी बोला. नाव ठरवायला आम्हाला पाच मिनिटेही लागली नाहीत. पण ते ऐकल्यावर समितीतले एक काका कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "अगं, शुभकार्यात मंथरेचं नाव कशाला?"

त्यांचा राग नाही. आम्हीही लहानपणी तेच म्हणायचो.

रामानंद सागरांचे 'रामायण' भारतात दूरदर्शनवर १९८७ च्या जानेवारीत सुरू झाले आणि १९८८ च्या जुलैपर्यंत दर रविवारी सकाळी चालले. आमच्या घरात ते पहिल्यांदा आले ते कॅसेटवर. कोपऱ्यावरच्या लाबुतिकमधून भाड्याने आणायची, आणि दुसऱ्या दिवशी परत करायची म्हणून एका रात्रीत बघून संपवायची. टीव्हीपुढे समई लावलेली असायची. राम-सीता आले की आजी हात जोडायची. आणि वाकलेल्या पाठीची, एक डोळा बारीक केलेली ती दासी आली की अख्खी खोली तिला शिव्या द्यायची. आमच्यातल्या एकीच्या मामाने तर तिच्यावर चप्पल उगारली होती. टीव्ही शेजाऱ्यांचा होता म्हणून वाचला.

ती बाई मराठी होती, हे आम्हाला फार उशिरा कळले. खरे म्हणजे त्या अयोध्येच्या राजवाड्यात मराठी माणसे बरीच होती. दशरथ झालेले बाळ धुरी मराठी, कौसल्या झालेल्या जयश्री गडकर मराठी, आणि हे दोघे खऱ्या आयुष्यातही पती-पत्नी. मंथरा झालेल्या ललिता पवार आपल्या येवल्याच्या. ज्या येवल्याची पैठणी नेसायची आपल्या प्रत्येक बाईची इच्छा असते, त्या येवल्याच्या.

गेल्या रामनवमीला आम्ही 'कैकेयीचा हट्ट' नावाचा तासाभराचा प्रवेश बसवला. सीता व्हायला चार मुली तयार होत्या, कैकेयीला दोन मिळाल्या, मंथरेला एकही नाही. शेवटी कॉलेजात शिकणारी एक मुलगी हो म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन आला. "मावशी, दुसरी कोणी बघा. उद्या पोरीला मागणी कशी येणार? लोक तिला मंथरा म्हणून हाका मारतील." त्या रात्री आम्ही तिघी तिच्या घरी गेलो. चहा झाला, आणि मग आम्ही त्या माउलीला जे सांगितले तेच आज इथे सांगणार आहोत.

ललिताबाईंचे माहेरचे नाव अंबा. जन्म १८ एप्रिल १९१६. सिनेमाला अजून आवाज नव्हता तेव्हा, वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास, ही मुलगी पुण्यात कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. चांगल्या घरच्या बायका त्या काळात सिनेमात जात नसत. ती नायिका झाली, घोड्यावर बसली, मारामाऱ्या केल्या. १९३२ साली 'कैलाश' या मूकपटाच्या निर्मितीतही तिचा वाटा होता. बोलपट आल्यावर १९३५ च्या 'हिम्मत-ए-मर्दां'त ती गायलीही. १९३७ साली 'दुनिया क्या है' हा चित्रपट तिने स्वतः काढला, टॉलस्टॉयच्या कादंबरीवरून. म्हणजे विशी ओलांडते न ओलांडते तोच ती निर्मातीसुद्धा होती. पवार हे आडनाव दिग्दर्शक गणपतराव पवारांशी झालेल्या लग्नाचे. पुढे त्यांचा संसार निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी झाला, पण पडद्यावरचे नाव पवारच राहिले.

मग १९४२. 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाचे चित्रण चालू होते. एका प्रसंगात भगवानदादांनी तिला थोबाडीत मारायची होती. पुढे 'अलबेला'मुळे घरोघरी पोचलेले तेच भगवानदादा. तो हात जोरात बसला. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. उपचार लांबत गेले. नायिकेचा चेहरा गेला तो गेलाच.

इथे त्या आईने चहाचा कप खाली ठेवला. कारण कामावर झालेली इजा म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. आपल्या पणज्या-पणजोबांच्या काळात 'डबल कट' होता. एक दिवस कामावर गेला नाहीस तर दोन दिवसांची मजुरी कापली. ताप असो, कोयत्याने पाय फाटलेला असो. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आपल्या माणसांच्या नोंदवह्या आहेत. आमच्यापैकी दोघी तिथे आपापल्या घराण्याचा कागद शोधायला गेल्या होत्या. नाव, बापाचे नाव, गाव, उंची, आणि पुढे अंगावरची खूण. कोणाच्या कपाळावर व्रण, कोणाच्या गालावर. गर्दीतून माणूस ओळखायचा तर ती खूणच कामाला यायची.

ललिताबाईंचेही तसेच झाले. त्यांचा तो बारीक झालेला डोळा हीच त्यांची ओळख झाली.

नायिकेची कामे संपली होती. घरी बसायचे, की मिळेल ते काम घ्यायचे? त्यांनी काम घेतले. १९४४ साली प्रभातच्या 'रामशास्त्री'मध्ये त्या आनंदीबाई झाल्या. 'ध'चा 'मा' करणारी आनंदीबाई! मराठी माणसाच्या मनात मंथरेच्या शेजारी कोणाला बसवायचे तर हिलाच. त्यानंतर सासवा सुरू झाल्या. १९५० साली शांतारामबापूंच्या 'दहेज'मध्ये त्यांनी अशी सासू उभी केली की आमच्या आज्यांना आपापली सासू आठवली असेल. दुखावलेला डोळा त्यांनी लपवला नाही. तो बारीक करून नुसते बघितले की समोरची सून थरथरायची. इतर नट दोन पाने संवाद म्हणून जे करायचे, ते ही बाई एका नजरेत करायची.

पण आम्हाला मुद्दाम सांगायचे आहे ते दुसरेच. तोच चेहरा, तोच डोळा घेऊन त्यांनी मायाळू बायकाही उभ्या केल्या. 'श्री ४२०' मधली केळी विकणारी गंगामाई आठवा. १९५९ च्या 'अनाडी'मधली मिसेस डिसा आठवा, जी तोंडाने फटकारते आणि हाताने जेवायला वाढते. त्या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९६१ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान झाला. 'प्रोफेसर'मध्ये शम्मी कपूर नकली दाढी लावून म्हातारा होतो आणि ही कडक पालक त्याच्यावर भाळते. ती लाजते तेव्हा हसू येते, आणि मग थोडे वाईटही वाटते. 'आनंद'मध्ये त्या दवाखान्यातल्या मेट्रन होत्या. त्या डोळ्यात विष असते तर ते या सगळ्या भूमिकांत दिसले असते ना? विष मंथरेचे होते. ते त्या काम संपल्यावर मेकअपबरोबर पुसून टाकत.

मंथरा त्यांनी पहिल्यांदा केली ती मोठ्या पडद्यावर, १९६१ च्या 'संपूर्ण रामायण'मध्ये. सागरांच्या मालिकेत त्या पुन्हा मंथरा झाल्या तेव्हा वय सत्तरीला टेकले होते. त्या वयात आपल्याकडे बायकांना नातवंडे सांभाळायला बसवतात. त्या मात्र पाठ वाकवून, काठी टेकत कॅमेऱ्यापुढे उभ्या होत्या. रामायणात मंथरेचा वाटा तो केवढा? काही प्रसंग, आणि मग ती कथेतून जवळजवळ नाहीशी होते. पण ती नसेल तर वनवास नाही, सीताहरण नाही, हनुमानाची उडी नाही. या छोट्याशा कामासाठी सागरांना पन्नासहून अधिक वर्षे काम केलेली नटी हवी होती, यातच सारे आले.

आम्ही तालमीसाठी तो भाग पुन्हा पुन्हा लावून बघितला. लहानपणी शिव्या देण्याच्या नादात जे दिसले नव्हते ते आता दिसले. ललिताबाईंची मंथरा पद्मा खन्नांच्या कैकेयीशी बोलते तेव्हा ती आधी तिची माणूस आहे. तिला लहानपणापासून ओळखणारी, माहेराहून तिच्याबरोबर आलेली दासी. परक्या राजवाड्यात या म्हातारीला दुसरे कोण आहे? आपली पोर मागे पडेल, पोरीचा मुलगा मागे पडेल, आणि मग आपले काय, ही भीती आधी येते. कपट नंतर येते. ललिताबाई आवाज चढवत नाहीत. त्या कैकेयीच्या कानाशी येतात, थांबतात, तिच्या तोंडाकडे बघतात, आणि मग उरलेले वाक्य सोडतात. ते थांबणेच कैकेयीला पोखरते. माहेराहून दूर आलेली दासी काय काय करू शकते, हे आपल्या समाजाला तरी नवे नको. आम्ही मंथरेची बाजू घेत नाही आहोत, काका. पण तिला नुसती चेटकीण करून ठेवली तर नाटक बसत नाही, एवढे आम्हाला तालमीत कळले.

आणखी एक गोष्ट, घरातली. आमच्यातल्या एकीच्या आजीने उमर सगळी उसाच्या शेतात काढली. उसाचे पाते डोळ्यात गेले आणि उजवा डोळा पांढरा झाला. त्यानंतर तिने एकही फोटो समोरून काढू दिला नाही. लग्नाच्या सगळ्या फोटोंत ती बाजूला वळलेली आहे. कॅसेट लागली की सगळे मंथरेला शिव्या द्यायचे, ही एकटी गप्प बसायची. एकदा नातीने विचारले, "आजी, तुला राग नाही येत हिचा?" आजी म्हणाली, "कसला राग? ही बाय डोळ्यानं काम करते बघ." आणि रील मागे घ्यायला लावली. ती वाक्ये ऐकायला तिला रील मागे नको होती. तिला तो चेहरा पुन्हा बघायचा होता, अगदी समोरून.

ललिताबाई २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात, औंधला गेल्या. २०२० साली टाळेबंदीत भारतात दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवले, तेव्हा त्यांना जाऊन बावीस वर्षे झाली होती, आणि तरी नव्या पिढीतली पोरे त्यांना नव्याने शिव्या देत होती. नटीला यापेक्षा मोठी पावती कोणती, आम्हाला माहीत नाही.

हे सगळे त्या रात्री सांगून झाल्यावर मुलीची आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "करू दे. पण चेहरा फार काळा करू नका." आम्ही म्हटले, काळा करणारच नाही. ललिताबाईंनी तरी कुठे केला होता?

रामनवमीला सभागृह भरले होते. मुलगी पाठीला उशी बांधून, काठी टेकत आली. पहिल्या रांगेतल्या एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "आली बघा, सत्यानाशी!" पोर डगमगली नाही. कैकेयीच्या कानाशी गेली, थांबली, तिच्या तोंडाकडे बघितले, आणि मग बोलली. सभागृहात चिडीचूप.

पडदा पडल्यावर आई आत आली. आम्हाला वाटले, रडेल. तिने लेकीच्या पाठीवरची उशी सोडली, घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "अजून जरा वाकायला हवी होतीस गं."