गाणं एक, पंगत वेगळी

आजचा एपिसोड छोटा आहे. संस्कृती आणि समाज हे दोन शब्द आपण एका दमात बोलतो, जणू एकच वस्तू. मानववंशशास्त्रात त्या दोन आहेत, आणि फरक कळला की घरातल्या काही भांडणांचं मूळ दिसायला लागतं.

एडवर्ड टायलर नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १८७१ मध्ये संस्कृतीची व्याख्या केली. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी, म्हणजे समाजात राहून माणूस जे जे मिळवतो ते सगळं. मिळवतो, बरं का! रक्तातून येत नाही. आमच्या जामसंड्यातलं पोर दशावतारात संकासूर आला की कधी हसायचं, हे बघून बघूनच शिकतं.

समाज म्हणजे नात्यांचं जाळं. कोण कोणाचा कोण, सोयरीक कुठे होते, पंगतीत शेजारी कोण बसतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुठला जोक चालतो ही संस्कृती. ग्रुपमध्ये कोणाला घेतलंय आणि अ‍ॅडमिन कोण, हा समाज. (इंजिनिअर माणूस, उदाहरण तसंच सुचणार.)

हे सगळ्यात स्पष्ट मला इरावती कर्वे यांच्या 'वाटचाल' या लेखात दिसलं. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्म, तिथल्या नदीवरून नाव, पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संशोधन. त्या पंढरीच्या वारीत चालल्या. दिंडी एकच, अभंग तेच, विठोबा तोच. पण जेवायची वेळ झाली की ब्राह्मण वेगळे, मराठे वेगळे. बाईंना ते खुपत राहिलं. दिवसभर एका सुरात गाणारी माणसं भाकरी मात्र एकत्र खात नव्हती. संस्कृती एक, समाज दोन. जात म्हणजे आपसातच लग्नं करून पसरलेला नातेवाईकांचा गोतावळा, असं त्यांनी पुढे मांडलं.

आपल्याकडच्या गावरहाटीतही हेच की. गाऱ्हाणं सगळ्या गावासाठी घालतात, पण मान कोणाचा पहिला हे घराण्यावर ठरतं. मानपानावरून पालखी अडल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

आता माझ्या एका दोस्ताची गोष्ट. तो पखवाज वाजवतो; गणपतीत त्याच्याशिवाय आमच्या वाडीत भजन उभं राहत नाही. त्याचं दुसऱ्या जातीतल्या मुलीशी जमलं. ती पण तालुक्यातलीच. काका म्हणाले, "ह्या आपल्या संस्कृतीत बसणा नाय."

मी विचारलं, काका, ती मालवणीच बोलते, सोलकढी तशीच करते, त्याच जत्रेला जाते, भजनं तर ह्याच्यापेक्षा जास्त पाठ आहेत. मग संस्कृतीतलं वेगळं काय? जातीबाहेर करायचं नाही हा नियमही शिकवलेलाच, म्हणजे तोही संस्कृतीच, हे मान्य. पण तो नियम राखतो सोयरिकीचं जाळं. मग जाळ्याला जाळं म्हणूया ना, कढीभजनाच्या नावावर कशाला खपवायचं?

काका बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "लोक काय म्हणतले?"

निदान आता ते समाजाबद्दल बोलत होते. लग्नाची तारीख अजून ठरलेली नाही.