भिंत कशाची? छप्पर कशाचे?



जनगणनेला आपल्याकडची जुनी माणसे खानेसुमारी म्हणत. 'खाना' म्हणजे घर. माणसांच्या आधी घरे मोजायची! तुमच्यांत जे गुरुजी आहेत, त्यांनी या कामी दारोदार हिंडून रकाने भरले असतील : भिंत कशाची? छप्पर कशाचे? आणि मनात म्हटलेही असेल, या माहितीचे सरकार काय लोणचे घालणार आहे!

तर ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. औसा तालुक्यातील किल्लारी आणि भोवतालचा लातूर-उस्मानाबादचा, म्हणजे आजच्या धाराशिवचा, मुलूख भूकंपाने हादरला. सुमारे ८ हजार माणसे गेली. आकडा ऐकून मन विषण्ण होते खरे. पण समाजाच्या अभ्यासकाला तो एकटा फारसे सांगत नाही. त्याची फोड करावी लागते. माणसे गेली ती कोणत्या घरांत? दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशा घरांत ती गाडली गेली. गवताच्या, कुडाच्या झोपड्या बहुतांशी उभ्या राहिल्या. ज्याला आपण भक्कम घर म्हणत होतो, त्यानेच घात केला.

आता येथे घाई नडते बघा. झोपडीत गरीब राहतो, झोपडीतला वाचला. मग गरिबी माणसाला वाचवते म्हणायचे काय? छे! दोन गोष्टी जोडीने दिसल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. वाचवले ते हलक्या छपराने. त्याच भागात लाकडी खांब-तुळयांच्या कित्येक घरांच्या भिंती ढासळल्या, पण छप्पर सांगाड्यावर तगले.

आकड्यांत आणखी एक खोच असते. लातूर जिल्हा झाला १९८२ साली. हे विसरून उस्मानाबादची १९८१ आणि १९९१ ची लोकसंख्या शेजारी ठेवलीत, तर लाखो लोक मुलूख सोडून गेले असे वाटेल!

पण माळवदे इतकी जड झाली कशी? ते रकाना सांगत नाही. पावसाळ्यात गळू नये म्हणून वर माती चढवायची, उन्हाळ्यात गारवाही राहतो; असा थर वाढत जातो. ही हकीकत ओट्यावर बसून एखाद्या म्हाताऱ्या गवंड्याकडूनच मिळायची.

आमच्या नांदेडकडे, कंधार-मुखेडच्या बाजूलाही, अशी माळवदे आहेत. आपल्या गावात ती किती, आणि त्यांखाली किती माणसे निजतात, हे गुरुजी, वरच्या वर्गातली मुले घेऊन एका रविवारी मोजता येईल.